पाठांतराला नाही म्हणण्याआधी

प्रिय मुली,

मुलाला घरीच शिकवायचं ठरवलंस आणि पहिलाच नियम केलास: पाठांतर अजिबात नाही, सगळं समजून. घोकंपट्टीचा वीट आलाय तुला, ते मी समजू शकते. पण माझं मत विचारलंस म्हणून सांगते, त्याने पाठ करावं आणि भरपूर करावं.

तुझ्याच पत्रातला ४८ गुणिले ७ चा गुणाकार घे. गुणाकार म्हणजे काय हे त्याला कळतं, मणी मांडून दाखवतोही, तरी उत्तर चुकतं. सात आठे छप्पन्न तोंडावर नाही ना! मग तो आठात आठ मिळवत, बोटं मोडत छप्पन्नपर्यंत पोचतो. तोवर मूळ गणितात आपण कुठे होतो हेच विसरलेला असतो आणि हातचे पाच राहून जातात. माणसाच्या डोक्यात एका वेळी फार थोडं मावतं. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली ही मर्यादा साधारण सात गोष्टींची सांगितली होती. नंतरच्या संशोधनाने ती चारच्या आसपास आणून ठेवली. त्यातली निम्मी जागा बोटं मोजण्यात गेली, तर विचार करायला उरतं काय?

बुद्धिबळाचा एक प्रयोग मला फार आवडतो. १९७३ मध्ये चेस आणि सायमन या संशोधकांनी खऱ्या डावातली मांडणी खेळाडूंना पाचेक सेकंद दाखवली आणि आठवून पुन्हा मांडायला सांगितली. तरबेज खेळाडूने नवशिक्यापेक्षा कितीतरी जास्त सोंगट्या बरोबर ठेवल्या. मग त्याच सोंगट्या पटावर वाटेल तशा मांडल्या, आणि त्याचा वरचढपणा जवळजवळ संपला. म्हणजे त्याची स्मरणशक्ती मुळात अचाट नव्हती. वर्षानुवर्षांच्या खेळातून हजारो रचना मनात मुरल्या होत्या. ज्याला आपण ‘समज’ म्हणतो, तिच्यात अशी साठवण बरीच असते.

आता कसं करून घ्यायचं ते. इथेच बहुतेक घरं चुकतात. मुलाला पुस्तक देऊन ‘दहा वेळा वाच’ म्हणतात. दहाव्यांदा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि मुलाला वाटतं, आलं! रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर हेच तपासलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढे गेले. तेव्हा वाचून घेण्यापेक्षा आठवून घे.

कविता असेल तर फळ्यावर एक कडवं लिही. त्याने दोनदा मोठ्याने म्हटलं की दोन-तीन शब्द पूस आणि पुन्हा म्हणायला सांग. मग आणखी काही पूस. शेवटी नुसते विरामचिन्हांचे ठिपके उरतात आणि पोरगं रिकाम्या फळ्याकडे बघत पूर्ण कडवं म्हणतं. अडला तर लगेच शब्द पुरवू नकोस. त्या अडण्यात, आठवण्याच्या धडपडीतच पाठांतर पक्कं होतं. फार वेळ अडला तर पहिलं अक्षर दे.

दुसरं म्हणजे अंतर. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं, पुढे मंदावतं. म्हणून आज पाठ केलेलं उद्या विचार, मग तीन-चार दिवसांनी, मग पंधरवड्याने. दर वेळी पाच-दहा मिनिटं पुरेत. एका बैठकीत तासभर रेटलंस तर दोघंही कंटाळाल.

काय पाठ करायचं? पाढे, कविता, नकाशावरची मुख्य नावं, आणि इतिहासातली मोजकी सालं, म्हणजे बाकीच्या घटना त्यांच्या मागेपुढे बसवता येतात. विज्ञानाच्या व्याख्या मात्र शब्दशः नकोत. त्या त्याने स्वतःच्या शब्दांत सांगाव्यात. पाढ्याचा अर्थ आधी मण्यांवर दाखव, ते तू करतेसच. कवितेचा सगळा अर्थ आधी कळायलाच हवा, असा हट्ट मी धरणार नाही. ओळी पाठ असल्या तर अर्थ दहा वर्षांनीही उमगतो. पाठच नसतील तर तेव्हा उमगणार कशाचा?

आणि हो, पाहुणे आले की ‘म्हणून दाखव रे’ म्हणत त्याला पुढे करू नकोस. एकदा का पाठांतराचा कार्यक्रम झाला, की मूल चुकायला घाबरतं, आणि चुकत-अडखळत आठवणं तर तुला त्याच्याकडून रोज हवं आहे.

तुझी,
मावशी