कॉलेज फुटबॉल गेममधलं रिक्रूटिंग खरं वाटावं यासाठी काय करता येईल?

तुमची तक्रार अशी आहे की छोटं कॉलेज घेतलं तरी तीन-चार सीझनमध्ये फाइव्ह स्टार (सगळ्यात वरच्या दर्जाची) पोरं यायला लागतात, मग खेळण्यात राम उरत नाही, आणि यावर उपाय काय. मी ईए कंपनीचा कॉलेज फुटबॉल २५ हा अमेरिकन फुटबॉलचा गेम डायनॅस्टी मोडमध्ये (एकच कॉलेज घेऊन वर्षानुवर्षं चालवायचं) भरपूर खेळलोय आणि अमेरिकेतलं खरं रिक्रूटिंगही, म्हणजे कॉलेजं हायस्कूलमधले खेळाडू कसे ओढतात ते, आवडीने फॉलो करतो. माझ्या मते मूळ अडचण एकच आहे, गेममधल्या पोराला स्वतःचं डोकं नाहीये. तुम्ही दर आठवड्याला रिक्रूटिंगसाठी मिळणारे तास त्याच्यावर ओतायचे, बार भरत जातो, भरला की पोरगं तुमचं आणि विषय संपला. खऱ्या कोचची झोप तर तिथून पुढे उडते, कारण कमिट होणं म्हणजे नुसता तोंडी शब्द असतो, सही होते ती डिसेंबरमध्ये (२०१७ पासून तरी बहुतेकांची तेव्हाच होते) आणि तोपर्यंत बाकीची कॉलेजं फोन करायचे थोडीच थांबतात!

ट्रॅव्हिस हंटरचंच बघा ना. जवळपास दोन वर्षं फ्लोरिडा स्टेटला कमिट होता, देशातल्या सगळ्यात मोठ्या रिक्रूट्सपैकी एक, आणि डिसेंबर २०२१ मध्ये सहीच्या दिवशी त्याने जॅक्सन स्टेट निवडलं, जे खालच्या लेव्हलला खेळतं. का, तर तिथे माजी स्टार खेळाडू डिऑन सँडर्स कोच होता. पुढे सँडर्स कोलोराडोला गेला तर हंटरही मागोमाग गेला आणि २०२४ ची हाइझमन (वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची ट्रॉफी) जिंकला. गेममध्ये असं काही घडूच शकत नाही कारण तिथे पोरगं मुख्यतः कॉलेजला मार्क देतं, एखाद्या कोचशी त्याचं नातं नसतं. माझं म्हणणं, प्रत्येक रिक्रूटचं नातं त्या त्या कोचशी जोडा, म्हणजे असिस्टंट कोच दुसरीकडे गेला की त्याने आणलेली दोन-तीन पोरं डळमळली पाहिजेत. आणि आईला घराजवळचं कॉलेज हवंय, हायस्कूलच्या कोचचा कल भलतीकडेच आहे, अशी घरातली ओढाताण पण दिसली पाहिजे.

दुसरं म्हणजे स्काउटिंग. गेममध्ये तास खर्च केले की पोराचे आकडे उघडे पडतात, जेम (छुपा हिरा) की बस्ट (फुसका बार) तेही कळतं, एवढी खात्री जगात कुठल्याच कोचला मिळत नाही. पुढे स्टार झालेल्या जॉश अॅलनला हायस्कूलनंतर वरच्या डिव्हिजनच्या एकाही कॉलेजने स्कॉलरशिप दिली नव्हती, तो रीडली नावाच्या ज्युनियर कॉलेजात खेळला, मग वायोमिंग, आणि २०१८ च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघ कॉलेजमधले खेळाडू निवडतात तो) सातवा गेला. म्हणून नेमका आकडा नकोच, ७० ते ८२ असा अंदाज दाखवा आणि तोही कधीकधी चुकू द्या.

पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर माझ्या मते पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत आहे. एप्रिल २०२४ पासून खेळाडू कितीही वेळा कॉलेज बदलू शकतो, वर्षभर बाहेर बसावं लागत नाही, आणि जुलै २०२१ पासून स्वतःच्या नावावर पैसेही कमावता येतात. त्यामुळे छोट्या कॉलेजने दोन वर्षं घडवलेला टू स्टार पोरगा चमकला रे चमकला की मोठी कॉलेजं त्याला उचलतात. मोठेही सुटत नाहीत म्हणा, जानेवारी २०२४ मध्ये अलाबामाचा कोच निक सेबन निवृत्त झाला आणि काही दिवसांतच त्याचा स्टार खेळाडू केलेब डाउन्स अलाबामा सोडून ओहायो स्टेटला गेला. गेममध्ये पोर्टल आहे पण ही भीती फारशी नाही. २०२५-२६ पासून कॉलेज थेट खेळाडूंना पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षी एका कॉलेजला सगळे खेळ मिळून साधारण २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा होती, तर तसलंच एक बजेट गेममध्ये टाकावं, सगळ्यांचा आकडा अर्थातच सारखा नको. मग क्वार्टरबॅकवर (बॉल फेकून खेळ चालवणारा) पैसे उडवले की ऑफेन्सिव्ह लाइनला (त्याला वाचवणारी फळी) काय देणार, हा विचार दरवर्षी करावा लागेल, आणि छोट्या कॉलेजला तर नवीन पोरं आणू की आहेत ती टिकवू हेच आधी ठरवावं लागेल!

हे सगळं ईएच्या हातात आहे, पण घरी नियम लावून आजही बराच फरक पडतो. समजा तुम्ही ओहायोतलं बोलिंग ग्रीन हे छोटं कॉलेज घेतलंय, तर फक्त ओहायो, मिशिगन, इंडियाना एवढ्यातलीच पोरं घ्या, फोर स्टार असेल तर तो अगदी जवळपासचाच हवा. स्काउटिंगवर एकही तास घालवू नका, स्टार आणि गाव बघून निर्णय घ्या. आणि सगळ्यात जास्त फरक पाडणारा नियम म्हणजे सीझन संपला की सीनियर (शेवटच्या वर्षाचे) सोडून तुमचा जो सगळ्यात भारी खेळाडू असेल त्याला मोठ्या कॉलेजने उचलला असं समजून रोस्टरमधून सोडून द्यायचं, दरवर्षी, न चुकता, मग तो क्वार्टरबॅक का असेना. त्रास होतो, पण पुढच्या सीझनला दुसऱ्या नंबरच्या पोराला घेऊन उतरलात ना की रिक्रूटिंगच्या बोर्डकडे तुम्ही वेगळ्याच नजरेने बघायला लागता, करून बघा आणि कसं वाटलं ते सांगा.