मॅच रात्री साडेबाराची, पाळी सकाळी सातची

मोठी स्पर्धा सुरू झाली की समुपदेशनाच्या खोलीत एक प्रश्न हमखास येतो. "महिनाभर मॅच बघितल्याशिवाय राहवत नाही, कामावर परिणाम होतोय, घरात भांडणं होतात. हे व्यसन आहे का? बघणं बंदच करू का?" हा प्रश्न आयटीतले लोक विचारतात, बँकेतले विचारतात, नर्सही विचारतात. इथे दिलेली गोष्ट कोल्हापुरातल्या एका सीएनसी ऑपरेटरची, म्हणजे संगणकाच्या आकड्यांवर चालणारं धातू कापायचं यंत्र चालवणाऱ्याची आहे. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. यंत्रावर उभं राहणाऱ्या माणसाला झोपेची चूक लपवता येत नाही, म्हणून मुद्दाम हीच निवडली.

२०२२ चा कतारचा फुटबॉल विश्वचषक. वय ३१, घर शिवाजी पेठेत, नोकरी गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत. लहानपणापासून तालमीचा फुटबॉल अंगात भिनलेला (कोल्हापुरात पेठेतल्या तालमींचे फुटबॉल संघ असतात). शाहू स्टेडियमवरची लीग ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेड समजावून सांगायची गरज नाही. पेठांमध्ये अर्जेंटिना आणि ब्राझीलचे फ्लेक्स समोरासमोर लागतात आणि हा पक्का अर्जेंटिनावाला. पाळ्या आठवड्याला बदलणाऱ्या: फर्स्ट सकाळी ७ ते दुपारी ३.३०, सेकंड ३.३० ते रात्री १२, थर्ड १२ ते ७. सुट्टी रविवारी.

स्पर्धेच्या पहिल्याच आठवड्यात, शुक्रवारी तो बायकोबरोबर आला. मान खाली घालून म्हणाला, "सर, मॅच सोडवत नाही आणि नोकरी जायची भीती वाटतीया. काय करू सांगा." बायको म्हणाली, "हे घरात असून नसल्यासारखे आहेत. लेक बोलत असते, ह्यांचं लक्ष मोबाइलमध्ये."

घडलं होतं ते असं. मंगळवारी, २२ नोव्हेंबरला, दुपारी साडेतीनला अर्जेंटिना-सौदी अरेबिया. त्याच मिनिटाला फर्स्ट शिफ्ट सुटते. सेकंडच्या ऑपरेटरला नीट चार्ज न देता हा निघाला, कानात हेडफोन घालून कॉमेंट्री ऐकत हायवेवरून गाडी मारत घरी पोहोचला. अर्जेंटिना २-१ अशी हरली. मग बसल्या जागेवरून साडेसहाची डेन्मार्क-ट्युनिशिया, साडेनवाची मेक्सिको-पोलंड, साडेबाराची फ्रान्स-ऑस्ट्रेलिया. त्यानंतर तालमीच्या ग्रुपवर ब्राझीलवाल्यांचे टोमणे आणि त्यांना उत्तरं. झोप लागली चारच्या सुमारास, गजर साडेपाचचा.

बुधवारी सकाळी लेथवर कास्टिंगच्या हाउसिंगचा, म्हणजे एका ओतीव भागाचा, बोअर (आतलं गोल भोक) कापणं चालू होतं. माप ०.०२ मिलिमीटरने मोठं येत होतं. अशा वेळी वेअर ऑफसेटमध्ये, म्हणजे हत्याराच्या झिजेसाठी मापात करायच्या दुरुस्तीत, वजा ०.०२ टाकायचं. त्याने अधिक टाकलं. बोअर लहान राहिला तर पुन्हा एक कट मारून जॉब, म्हणजे तो भाग, वाचतो, मोठा झाला की तो भंगारात. पुढची तपासणी होईपर्यंत १४ नग गेले. दहा वर्षं हेच काम करणारा माणूस हा. त्याला ऑफसेट कळत नव्हता असं नाही, अधिक-वजाचं बटण दाबताना नजर आणि बोट यांचा मेळ बसला नाही. सलग १७ ते १९ तास जागं राहिल्यावर माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी मंदावते. आपल्याकडे गाडी चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. मंगळवारी पहाटे साडेपाचला उठलेला माणूस रात्री साडेबाराच्या मॅचला बसतो तेव्हाच तो १९ तास जागा असतो. दीड तासाच्या झोपेने हे भरून निघत नाही.

त्याची अपेक्षा होती की आम्ही मॅच बंद करायला सांगू. तसं सांगून उपयोग नसतो. चार दिवस पाळलं जातं, पाचव्या दिवशी चोरून बघणं सुरू होतं, आणि चोरून बघणाऱ्याची झोप जास्त जाते. आधी त्याला सोमवार ते गुरुवारच्या रात्री कागदावर मांडायला लावल्या: मॅच कधी संपली, फोन कधी ठेवला, झोप कधी लागली. साडेबाराची मॅच अडीचच्या आसपास संपत होती आणि झोप चारला लागत होती. चारही रात्री मॅच संपल्यावर दीड तास हायलाइट, मीम आणि ग्रुपवरच्या वादात गेला होता. चार रात्रींचे सहा तास, म्हणजे जवळजवळ एका रात्रीची पुरी झोप, मॅचने खाल्लीच नव्हती. हे बघून तो गप्प झाला, आणि बायकोचाही सूर थोडा बदलला. दोघांनाही वाटत होतं की भांडण फुटबॉलशी आहे.

दुसरा कागद सामन्यांचा. स्पर्धेत ६४ सामने होते. त्याच्या संघाचे, अगदी फायनलपर्यंत गेला तरी, जास्तीत जास्त सात. एक होऊन गेला होता, राहिले सहा. त्या सहांच्या तारखांपुढे त्याची पाळी लिहिली. बाद फेरीचं वेळापत्रक आधीच ठरलेलं असतं. गटात पहिला आलात तर कोणता दिवस, दुसरा आलात तर कोणता, हे दोन्ही लिहिता येतं, संघ जिंकेल की नाही याची वाट बघावी लागत नाही. अर्जेंटिना गटात पहिली आली तर पुढचा सामना ३ डिसेंबरच्या शनिवारी रात्री साडेबाराला, दुसरी आली तर रविवारी रात्री साडेआठला. दोन्ही सुट्टीच्या आसपास.

एवढं मांडल्यावर अडचणीच्या रात्री तीनच उरल्या.

पहिली, ३० नोव्हेंबरची, पोलंडविरुद्ध. त्या आठवड्यात सेकंड शिफ्ट. मॅच साडेबाराला, सुट्टी बाराला. त्याला हाच आठवडा सगळ्यात वाईट वाटत होता, कारण साडेबाराच्या आधीचे सगळे सामने हातचे जात होते. खरं तर झोपेच्या हिशेबाने हा सगळ्यात स्वस्त आठवडा. सकाळी दहापर्यंत झोपता येतं, मॅच अडीचला संपली तरी सात तास मिळतात. धोका होता तो रस्त्यावरच्या अर्ध्या तासाचा. किक-ऑफ गाठायच्या घाईत मध्यरात्री हायवेवर कोण कशी गाडी मारतो हे सगळ्यांना माहीत आहे. उजळाईवाडीला राहणाऱ्या सहकाऱ्याच्या घरी मॅच बघायची आणि तिथेच झोपायचं असं ठरलं.

दुसरी, शुक्रवार ९ डिसेंबरची, उपांत्यपूर्व फेरी. थर्ड शिफ्ट बाराला सुरू, मॅच साडेबाराला. इथे झोपेचा प्रश्नच नव्हता, सरळ टक्कर होती. कामावर मोबाइल बघून चालणार नव्हतं: जॉब पकडून फिरणाऱ्या चकसमोर पेनल्टी शूटआउट बघणारा ऑपरेटर कोणाला नको असतो. उपाय एकच, बदली. लगीनसराईचे दिवस, एका सहकाऱ्याला पुढच्या आठवड्यात लग्नासाठी सुट्टी हवी होती. दोघांनी अदलाबदल केली, अर्जावर दोघांच्या सह्या घेतल्या आणि सुपरवायझरकडे तो २८ नोव्हेंबरलाच दिला. अकरा दिवस आधी. हा अर्ज आदल्या दिवशी आला असता तर नाकारला गेला असता, आणि ते योग्यच झालं असतं.

अर्जाचा मजकूर आम्ही त्याच्याकडून तिथेच लिहून घेतला. कारण खरं लिहायचं: "विश्वचषकाचा सामना." तो बिचकला. पण पोट बिघडल्याचं सांगून दांडी मारायची आणि तालमीतल्या मोठ्या पडद्यासमोरचा फोटो कोणी तरी स्टेटसला टाकायचा, हे दर स्पर्धेत होतं. एकदा असं पकडलं गेलेल्याची खऱ्या आजारपणाची सुट्टीही पुढे संशयाने बघितली जाते. सुपरवायझरला हवी असतात ती तारीख, बदली माणूस आणि परत काय देणार हे तीन मुद्दे. याने २४ आणि २५ डिसेंबरला गरज पडली तर येईन असं लिहिलं.

तिसरी रात्र सगळ्यात अवघड: मंगळवार १३ डिसेंबर, उपांत्य फेरी साडेबाराला, आणि सकाळी सातला फर्स्ट शिफ्ट. इथे दोन भागांत झोपायचा मार्ग असतो. तो कसा करायचा हे नीट सांगायला हवं, कारण लोक तो अर्धवट करतात.

साडेसहा-सातला हलकं जेवण. भाकरी-आमटी चालेल, तांबडा-पांढरा रस्सा त्या रात्री नको. दुपारी साडेतीननंतर चहा बंद. चहा-कॉफीतल्या कॅफिनचा निम्मा अंश शरीरात पाच-सहा तास राहतो. हाफटाइमला, सव्वा वाजता घेतलेला चहा पहाटे सहालाही निम्मा शिल्लक असतो, आणि बहुतेकांचा घात तिथेच होतो. रात्री नऊला दिवे बंद करून झोपायचं, सव्वाबाराला गजर. मॅच संपली की फोन स्वयंपाकघरात ठेवायचा, ग्रुप आधीच आठ तासांसाठी म्यूट केलेला. गोल झाल्यावर अंगात चढलेली उत्तेजना उतरायला वीस-तीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ मंद उजेडात बसायचं, श्वास सोडताना तो घेण्यापेक्षा लांबवायचा. तीनला आडवं व्हायचं, पावणेसहाला उठायचं. म्हणजे सव्वातीन आणि पावणेतीन, सहा तास. नेहमी अकराला झोपणाऱ्याला नऊला झोप येत नाही, म्हणून तीन दिवस आधीपासून रोज अर्धा तास लवकर पडायचं. संध्याकाळी सहानंतर लांब डुलकी काढली तर नऊची झोप हमखास बिघडते. डुलकी घ्यायचीच तर कामावरून आल्याआल्या, वीस मिनिटं.

टेबलावर काम करणाऱ्याला एका रात्रीपुरतं हे पुरतं. यंत्रावर, वाहनावर, रुग्णांच्या औषधांवर ज्याचा हात असतो त्याला आम्ही हे सुचवत नाही. बाद फेरीत अर्ध्या तासाचा जादा वेळ आणि पेनल्टी आल्या तर मॅच साडेतीनच्या आसपास संपते आणि सहा तासांचा सगळा हिशेब कोसळतो. म्हणून १४ तारखेची रजा, संघ तिथे पोहोचला नाही तर रद्द करू असं सांगून, त्याच २८ तारखेच्या अर्जात मागितली. मिळाली. अर्जेंटिनाने क्रोएशियाला ३-० हरवलं आणि जादा वेळ लागला नाही. पण ९ डिसेंबरला नेदरलँड्सविरुद्ध २-२ होऊन पेनल्टीवर गेलं होतं. कोणती रात्र कशी जाईल हे आधी कळत नाही.

फायनल रविवारी रात्री साडेआठला होती आणि सोमवारी सेकंड शिफ्ट. त्या रात्रीबद्दल काहीच ठरवावं लागलं नाही.

बाकीचे सामने? साडेसहाची मॅच सोडायची, कारण ती लेकीची वेळ. साडेनवाची फक्त हाफटाइमपर्यंत. साडेबाराची अर्जेंटिना सोडून कोणतीही नाही, तिचे हायलाइट जेवणाच्या सुट्टीत. बायकोची अट एकच होती: ठरलेल्या रात्री मी काही बोलणार नाही, बाकीच्या रात्री फोन माझ्याकडे. घर दोन खोल्यांचं, टीव्ही झोपायच्याच खोलीत, त्यामुळे रात्रीच्या मॅच मोबाइलवर, बाहेरच्या खोलीत, हेडफोन लावून. कागद फ्रिजवर चिकटवला. एकदा तो घसरला, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, ठरलेली नसलेली मॅच बघून बसला. दुसऱ्या दिवशी कागदावर ती रात्र लाल केली आणि पुढच्या दिवशी लवकर झोपला. घसरल्यावर अख्खी योजनाच फाडून टाकायची नसते, एवढंच आधी बोलून ठेवलं होतं.

ऑफिसात बसणाऱ्यांचं दुखणं वेगळं. कतारच्या वेळी त्यांना दुपारी साडेतीन आणि संध्याकाळी साडेसहा नडले. एका खिडकीत मॅच आणि दुसरीत एक्सेल ठेवणाऱ्याचं दोन्हीकडे लक्ष नसतं. गोल नेमका मेल लिहिताना होतो आणि मेल चुकीच्या माणसाला जातो. त्यापेक्षा महत्त्वाच्या सामन्याला उघडपणे अर्धी रजा टाका, किंवा सकाळी दोन तास आधी या आणि साडेतीनला निघा. टीममध्ये चार जण शौकीन असतील तर चौघांनी एकाच दिवशी रजा मागू नका. आपसात संघ आणि तारखा वाटून मग मॅनेजरकडे जा.

व्यसनाबद्दल. आम्ही तीन गोष्टी विचारतो. सोडायची ठरवलेली मॅच सोडता येते का? स्पर्धा संपल्यावर आठवड्याभरात गाडी रुळावर येते का? आणि पैसे लावले आहेत का? पहिल्या दोनांचं उत्तर "हो" आणि तिसऱ्याचं "नाही" असेल तर हे वेड आहे, आजार नाही. त्याला वेळापत्रक पुरतं. पैसे लावले असतील, हरलेले परत मिळवायला पुढची मॅच बघितली जात असेल, तर वर सांगितलेलं काहीही लागू पडत नाही. त्या माणसाला झोप लागत नाही ती कर्जाने. हा प्रश्न बायकोसमोर विचारू नये, एकट्याला विचारावा. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ वर चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं.

२०२६ च्या अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोतल्या स्पर्धेसाठी हाच कागद वेगळा मांडावा लागतो. ४८ संघ, १०४ सामने, ११ जून ते १९ जुलै असे ३९ दिवस, आणि भारतीय वेळेनुसार सामने साधारण रात्री साडेनऊपासून सकाळपर्यंत पसरलेले. ऑफिसची वेळ बहुतांश सुटते, रात्र मात्र पूर्ण सापडते. सकाळी साडेसहाचा सामना असेल तर दहाला झोपून सहाला उठा, त्यात काहीच जात नाही. मध्यरात्री साडेबाराचा असेल तर वरची दोन भागांची झोप. पहाटे साडेतीनचा सगळ्यात वाईट, तो झोपेच्या बरोबर मध्यावर येतो, आधीची आणि नंतरची दोन्ही झोप तुटकी होते. दुसऱ्या दिवशी सुट्टी नसेल तर तो आपल्या संघाचा असला तरच बघा. फायनल आपल्याकडे रविवारी रात्री साडेबाराला, म्हणजे तारखेने सोमवारी, २० जुलैला. त्या सोमवारच्या रजेचा अर्ज स्पर्धा सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात द्या, कारण तीच रजा मागणारे तुमच्या खात्यात आणखी असणार.