वारशाने आलेल्या बत्तीस बोअरच्या रिव्हॉल्व्हरसाठी काडतुसे

आजोबांकडून आलेल्या, वेब्ली या ब्रिटिश कंपनीच्या बत्तीस बोअरच्या रिव्हॉल्व्हरमध्ये दुकानात मिळणारे कोणतेही ‘बत्तीसचे’ काडतूस चालेल का, असे आपण विचारले आहे. चालणार नाही. बत्तीस हे नुसते बोअरचे, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे, नाव आहे आणि त्या नावाखाली परस्परांशी न जुळणारी अनेक काडतुसे मिळतात. म्हणून आधी शस्त्रावर कोरलेले पूर्ण नाव भिंगाखाली वाचावे.

वेब्लीच्या मार्क ४ या घडणीतली बत्तीसची रिव्हॉल्व्हरे सामान्यतः १८९६ सालच्या ‘स्मिथ अँड वेसन लाँग’ काडतुसासाठी असतात. त्याची पुंगळी, म्हणजे दारू आणि गोळी धरणारे धातूचे आवरण, ०.९२ इंच लांब असते. जुन्या शस्त्रांवर ‘कोल्ट न्यू पोलीस’ असे नाव दिसले, तरी काडतूस तेच. ‘लाँग कोल्ट’ मात्र वेगळे आणि बारीक असल्याने त्याची पुंगळी या चेंबरमध्ये (काडतूस बसण्याच्या पोकळीत) फुटू शकते. आपल्याकडे सर्वांत धोक्याची गल्लत होते ती पिस्तुलाच्या ७.६५ मिलिमीटर काडतुसाची, कारण तेही ‘बत्तीस’ म्हणूनच ओळखले जाते आणि रिव्हॉल्व्हरच्या चेंबरमध्ये सहज बसते. त्याच्या बुडाची कड अरुंद असते, शिवाय लाँगच्या दाबाची कमाल मर्यादा प्रतिचौरस इंच १५,००० पौंड असताना त्याची २०,५०० आहे. मधोमध मोडून उघडणाऱ्या जुन्या चौकटीवर हा भार कधीही टाकू नये. बसते म्हणजे चालते, हा समज कृपया मनातून काढून टाकावा.

खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरे असतात. शिक्का कोणताही असला तरी नव्या खोक्यावर ‘लाँग’ हा शब्द असल्याची खात्री करावी आणि साध्या शिशाच्या गोळीचे, सौम्य भाराचे काडतूस घ्यावे. आजोबांच्या कपाटातली हिरवट पडलेली काडतुसे झाडून पाहू नयेत; ती परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावीत.

मात्र खरेदीआधी एखाद्या परवानाधारक कारागिराकडून बिजागरी, चौकट बंद ठेवणारे कुलूप आणि चक्री (काडतुसे बसणारा फिरता भाग) तपासून घ्यावी. नंतर नेमबाजीच्या मैदानावर पहिल्या फेरीनंतरच्या रिकाम्या पुंगळ्या उजेडात पाहाव्यात. पुंगळीच्या बुडातल्या, दारू पेटवणाऱ्या टोपीवरचा ठोका मध्यभागी नसेल, तर चक्री नळीच्या रेषेत येत नसण्याची शक्यता असते. पुंगळी फुगलेली किंवा चिरलेली दिसली, तर दुसरी फेरी न झाडता रिव्हॉल्व्हर त्याच कारागिराकडे परत न्यावे.