पिन तुमच्याकडे, सही आईकडे

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका वाचकांचं पत्र आहे. वय ५१, उद्यमनगरात स्वतःचं छोटं वर्कशॉप. आई ७६ वर्षांच्या, कॅन्सर यकृतापर्यंत पसरलेला. ‘आता केमो नको, घरी न्या’ असं डॉक्टरांनी सांगितलंय. अशा रुग्णांना ठेवून घेणाऱ्या पुण्यातल्या एका खासगी केंद्राने महिन्याला सव्वा लाख रुपये सांगितले. यांनी वर्ष धरलं, पंधरा लाखांचा आकडा काढला आणि विचारलं: आईची १४ लाखांची एफडी मोडू, की उजळाईवाडीकडचा माझा चार गुंठ्यांचा प्लॉट विकू?

दोन्ही नको. पण पत्राच्या शेवटी तुम्ही सहज एक वाक्य लिहून गेलात: ‘सगळे पैसे आईच्याच नावावर आहेत. नॉमिनी वडील होते, ते २०१९ साली गेले. पण एटीएमचा पिन माझ्याकडे असतो, त्यामुळे ती काळजी नाही.’

काळजी तीच आहे. आधी तुमचा हिशोब उरकून घेऊ, मग त्याकडे येतो.

सव्वा लाख हा एसी खोलीचा दर आहे. आपल्याकडचं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना सांभाळणारं केंद्र, बहुतेक धर्मादायच चालतं. वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून आणि पुण्यात वारज्याचं सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून कॅन्सरच्या रुग्णांना विनामूल्य सांभाळतंय. वारज्याला फोन करा. काही दिवस तिथे राहून वेदना आटोक्यात आणायची, घरी कसं सांभाळायचं ते तुम्ही शिकून घ्यायचं आणि कोल्हापूरला परत यायचं, असं जमेल का ते विचारा. इथे सीपीआर या सरकारी रुग्णालयात आणि तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांकडेही पॅलिएटिव्हची, म्हणजे आजार बरा करण्याऐवजी त्रास कमी करणाऱ्या उपचारांची, चौकशी करा. मॉर्फीन, म्हणजे तीव्र वेदनेवरचं औषध, कोण लिहून देतं, हे स्पष्ट शब्दांत विचारा. २०१४ साली कायदा बदलून ते मिळणं सोपं केलंय. गोळी महाग नाही, लिहून देणारा डॉक्टर गाठावा लागतो.

आता घरचा खर्च. ब्युरोने चोवीस तासांच्या बाईचे २७ हजार सांगितलेत. बेड आणि एअर मॅट्रेसचं भाडं ४, औषधं-डायपर ९, ड्रेसिंगला येणारी नर्स ५. झाले ४५ हजार. आईंची फॅमिली पेन्शन २१ हजार. खड्डा २४ हजारांचा. तुमच्या पत्नीने शिकवण्या बंद केल्या, महिन्याचे दहा हजार बुडाले. ते तुम्ही कुठेच धरले नाहीत, धरा. म्हणजे ३४ हजार, सहा महिन्यांचे दोन लाख. आईंच्या सेव्हिंगमध्ये पावणेतीन लाख पडून आहेत. पंधरा लाख कुठून आले? आणि वर्ष कुणी सांगितलं? डॉक्टरांना नेमकं विचारा: दिवस, आठवडे की महिने? या उत्तराशिवाय मांडलेला कुठलाही हिशोब हवेतलाच.

कमी पडलेच तर एफडीवर कर्ज काढा. एफडीच्या दरापेक्षा टक्का-दीड टक्का जास्त पडतो. तीन लाख चार महिन्यांसाठी घेतले तर निव्वळ भुर्दंड हजार-दीड हजारांचा.

पण त्या कर्जाच्या अर्जावरही सही आईंचीच लागणार.

तुम्ही लिहिलंय की सकाळच्या चहाला आई नीट बोलतात, पेपरातली निधन वार्ता वाचून दाखवायला सांगतात. दुपारनंतर मात्र गुंगी असते. ही सकाळ पुढच्या महिन्यात असेलच असं नाही. ही सकाळ हरवली की एटीएमच्या पिनने सेव्हिंगमधले पैसे निघतील, एफडीला हात लागणार नाही. आई हयात आहेत, पण सही करू शकत नाहीत, ही पैशाच्या दृष्टीने सगळ्यात अवघड अवस्था. वारसाहक्क अजून लागू नाही, अधिकार कुणालाच नाही आणि बिलं नेमकी तेव्हाच मोठी येतात. मेव्हण्यांनी सुचवलेलं मुखत्यारपत्रही तिथे उपयोगाचं नाही. देणाऱ्याचं भान गेलं की ते संपतं, माणूस गेला तरी संपतं.

म्हणून याच आठवड्यात बँकेच्या मॅनेजरना भेटा आणि सकाळी दहाच्या सुमारास अधिकारी घरी पाठवायला सांगा. सत्तरी पार केलेल्यांना आणि अंथरुणाला खिळलेल्यांना घरपोच सेवा द्यायची रिझर्व्ह बँकेची सूचना आहे, तेव्हा ‘आईंनाच घेऊन या’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. हात थरथरत असेल तर अंगठा चालतो, तोही जमत नसेल तर पायाचा अंगठा. बँकेच्या ओळखीचे दोन त्रयस्थ साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. त्या एकाच बैठकीत सेव्हिंग आणि एफडी दोन्हींना तुमचं नाव ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ (दोघांपैकी कुणीही किंवा मागे राहील तो) म्हणून जोडून घ्या. नॉमिनी बदला. नोव्हेंबर २०२५ पासून बँकेत चार नॉमिनी लावता येतात, तेव्हा बहिणीचंही नाव घाला. पोस्टातली दहा लाखांची सीनियर सिटिझन योजना जोड नावावर होते ती फक्त नवरा-बायकोच्या, त्यामुळे तिथे निदान नॉमिनी बदला. पतसंस्थेतले तीन लाख मुदत संपताच बँकेत आणा. पतसंस्थेच्या ठेवींना बँकेसारखं पाच लाखांचं विमासंरक्षण नसतं. नऊ टक्क्यांच्या पाटीवर ते लिहीत नाहीत, एवढंच.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो पैसे हातात घेऊन वारसांना द्यायला असतो. मृत्युपत्र नसेल तर तुम्ही आणि इचलकरंजीची बहीण सारखे वाटेकरी. आईंच्या मनात वेगळं काही असेल तर साध्या कागदावर दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र पुरतं, नोंदणी सक्तीची नाही. एक साक्षीदार त्यांचे डॉक्टर असले तर पुढे ‘त्यांना भान होतं का’ हा वाद उठत नाही.

बहिणीबद्दल एक. ती महिन्यातले पंधरा दिवस येऊन आईंची आंघोळ-पांघोळ करते आणि तुम्ही आईंच्या कार्डाने पैसे काढता. तुमच्या मनात काही नसेल, पण वहीत काही लिहिलेलं नाही, हे तुम्हीच कळवलंय. आजपासून प्रत्येक रक्कम तारखेसकट लिहा आणि आठवड्याला पानाचा फोटो तिला पाठवा. आई गेल्यानंतर त्या पिनने एक रुपयाही काढायचा नाही, अंत्यविधीलासुद्धा नाही. तो खर्च स्वतःच्या खिशातून करा, नंतर हिशोबात घ्या.

नोटरी घरी बोलवाच. आईंना शेवटी व्हेंटिलेटर हवाय का, हे त्यांनाच विचारा आणि लिहून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली असं आगाऊ इच्छापत्र मान्य केलं आणि २०२३ साली प्रक्रिया सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. हेही पैशाचंच आहे. रात्री दोनला धाप लागली, घाबरून आयसीयूत नेलं आणि दिवसाला पंचवीस हजार धरले तर दहा दिवसांत अडीच लाख. सहा महिन्यांच्या घरच्या सेवेत पडणाऱ्या खड्ड्यापेक्षा जास्त, तेही आईंना नको असताना. मधल्या काळात इस्पितळात दाखल करायची वेळ आलीच तर सत्तरीवरच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा. पाच लाखांपर्यंत, उत्पन्नाची अट नाही.

राहिला तुमचा विमा एजंट. ‘काळजीच करू नका साहेब, ४६ हजारांची सीनियर पॉलिसी आठवड्यात घेतली तर हॉस्पिससुद्धा कव्हर, कॅन्सरचं फॉर्ममध्ये लिहायचं नाही.’ याला सल्ला म्हणत नाहीत. आजार लपवून घेतलेल्या पॉलिसीचा क्लेम नाकारला जातो, ४६ हजार जातात आणि खोटी माहिती दिल्याचा शिक्का तुमच्यावर बसतो. शिवाय आरोग्य विम्यात सर्रास लावल्या जाणाऱ्या ‘एक्स्क्लूजन ०५’ या कलमात घरी किंवा केंद्रात आंघोळ घालणं, कपडे बदलणं अशी देखभाल आणि मरणासन्न रुग्णाच्या शारीरिक-मानसिक आधारासाठीची सेवा, दोन्ही वगळलेल्या असतात. म्हणजे तो जे विकतोय, नेमकं तेच त्यात नाही. त्याला म्हणावं, हॉस्पिस कव्हर असल्याचं कंपनीच्या लेटरहेडवर लिहून आण.

चेक दिला असेल तर तो वटायच्या आत बँकेत थांबवा आणि कंपनीला लेखी कळवा. पॉलिसी हातात पडली असेल तर मिळालेल्या तारखेपासून तीस दिवसांत फ्री लूकखाली परत करा. अर्ज एजंटच्या हाती देऊ नका. कंपनीच्या शाखेत स्वतः जा आणि पोचीवर शिक्का घ्या.