दोन नंबरचा गुडघा

"मॅडम, या वयात यांना हे शोभतं का?"

मी समुपदेशक, आणि हा प्रश्न माझ्यासमोरच्या खुर्चीतून मी इतक्या वेळा ऐकलाय की आता तो यायच्या आधीच मला कळतो. सुरुवात बहुतेक वेळा सारखीच. शाळेतल्या जुन्या सोबत्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप होतो. काही दिवस सुप्रभात आणि पिवळे पडलेले फोटो चालतात. मग कुणीतरी टूम काढतो, परदेशात व्हेटरन्सची रग्बी स्पर्धा आहे, आपली टीम पुन्हा उभी करू. आठवडाभरात जर्सीचा रंगसुद्धा ठरतो. आणि त्या पंधरा-वीस जणांपैकी एखाद्याची झोप उडते. कधी त्याची बायको येते, कधी मुलगी, क्वचित तो स्वतः. विचारायचं असतं ते एवढंच: जावं की नको?

यातला अर्धा प्रश्न माझा नाहीच, तो डॉक्टरांचा आहे. आधी त्यांच्याकडे जा असं मी प्रत्येकाला बजावते. हृदयाची तपासणी, रक्तदाब, साखर. छातीत जडपणा किंवा चालताना धाप असेल तर ती लपवून विमानात बसायचं नाही. सदतीस वर्षं ज्या खांद्यांनी लॅपटॉपच्या बॅगेपलीकडे काही पेललं नाही, त्यांना तीन आठवड्यांत स्क्रमला, म्हणजे दोन्ही टीमच्या गड्यांनी वाकून, एकमेकांत अडकून चेंडूसाठी रेटारेटी करायला, लावायचं नाही. मान, खांदे, मांड्या यांना महिनोन्‌महिने तयार करावं लागतं.

खेळाचं म्हणाल तर तो या वयाची कदर करायला शिकलाय. १९७९ मध्ये न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला 'गोल्डन ओल्डीज' रग्बीचा पहिला महोत्सव झाला. पस्तिशीच्या पुढच्यांसाठी, आणि ब्रीद काय, तर मजा, मैत्री आणि बंधुभाव. तिथे स्क्रममध्ये एकमेकांना रेटायचं नसतं. जास्त वयाचे खेळाडू वेगळ्या रंगाची चड्डी घालतात, म्हणजे यांना किती जोरात धरायचं ते समोरच्याला लांबूनच दिसतं. मला हा चड्डीचा नियम फार आवडतो. आपलं वय कमरेला बांधून मैदानात उतरायचं आणि तरी खेळायचं!

आता उरलेला अर्धा प्रश्न. तो माझा.

एक गृहस्थ आले होते, वय चोपन्न. नावगाव सांगत नाही, जर्सीच्या नंबरानं ओळखू: दोन नंबर. शाळेच्या टीमचे हुकर आणि कॅप्टन. पहिल्या दिवशी सोबत पत्नी होत्या आणि बोलल्याही त्याच. "यांचा गुडघा दुखतो. एमआरआय झाला, डॉक्टर म्हणतात वयाच्या मानानं ठीक आहे. पण जिना उतरताना हे कठड्याला धरतात. तिकिटांचं बोलणं निघालं त्या आठवड्यापासून."

'त्या आठवड्यापासून' हे शब्द माझ्या कानाला लागले होते. तरी मी चुकले. मला वाटलं, हे वयाचं दुःख आहे. शरीर पूर्वीसारखं राहिलं नाही, मित्रांसमोर उघडं पडायची लाज वाटते. दोन बैठका मी त्यांच्याशी वय स्वीकारण्यावर बोलत राहिले. ते मान डोलवत ऐकत होते. सज्जन माणसं समुपदेशकाला दुखवत नाहीत, आणि त्यात आमचा फार वेळ जातो.

तिसऱ्या खेपेला मी व्याख्यान बंद केलं आणि एक जुना प्रश्न काढला. मानसोपचारतज्ज्ञ आल्फ्रेड ॲडलर रुग्णांना तो विचारायचे. मी त्यांच्याच वळणाची आहे, हे माझ्याकडे येणाऱ्यांच्या दोन-चार भेटींत लक्षात येतंच.

"समजा, उद्या सकाळी गुडघा ठणठणीत झाला. काय कराल?"

"जाईन की!" ते पटकन म्हणाले. मग थांबले. "म्हणजे... जावंच लागेल."

"आणि तिथे गेल्यावर?"

"पुढच्या फळीत उभं राहावं लागेल."

मला रग्बीतलं ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून मी खरोखरच, न कळणाऱ्या माणसानं विचारावं तसं म्हटलं, "पुढची फळी म्हणजे काय? दाखवता?"

ते उठले. स्वतःची खुर्ची डावीकडे ओढली, पत्नीसाठी ठेवलेली रिकामी खुर्ची उजवीकडे, दोन्हींच्या मध्ये उभे राहिले. डावीकडे एक नंबर, उजवीकडे तीन नंबर, हे दोघे प्रॉप. मधे हुकर. हुकरला चेंडू मागे ओढायला एक पाय मोकळा लागतो, त्यामुळे त्या क्षणी तो जवळजवळ या दोघांच्या अंगावर टांगलेला असतो, असं ते उत्साहानं सांगत होते. सांगता सांगता वाकले. डावा हात खुर्चीच्या पाठीमागून गेला आणि मुठीत तिचं कापड गच्च धरलं. उजवा हात मात्र खुर्चीपर्यंत गेला आणि वरच्या कडेवर नुसती बोटं टेकवून थांबला.

ते बोलतच होते. हाताचं त्यांना ठाऊकही नव्हतं.

"उजवीकडे कोण आहे?" मी विचारलं.

वाकलेलेच राहिले ते. बराच वेळ. मग त्याच अवस्थेत, जमिनीकडे बघत म्हणाले, "त्याला मी खेळवला होता."

शाळेचं शेवटचं वर्ष, उपांत्य सामना. आदल्या दिवशी सरावात तीन नंबरचा खांदा दुखावला होता. त्यानं ते फक्त कॅप्टनला सांगितलं. कॅप्टन म्हणाला, "आजच्या दिवस काढ. सरांना बोलू नकोस." उत्तरार्धात स्क्रम कोसळला आणि तो खांद्यावर पडला. त्यानंतर तीन नंबर रग्बी खेळला नाही. शाळा संपली, वाटा फुटल्या. दोघे त्यावर एक शब्दही बोलले नाहीत. आणि आता ग्रुपवर तीन नंबरनं लिहिलं होतं, 'मी पण येतोय.'

गुडघा त्या आठवड्यापासूनचा होता.

हे वाचून कुणी म्हणेल, म्हणजे नाटकच! तसं नव्हतं. दुखत होतं, कठडा धरावा लागत होता. पण दुखण्याला कधी कधी एक काम लागलेलं असतं, आणि इथे ते दोन नंबरला उजव्या बाजूच्या माणसापासून लांब ठेवण्याचं काम इमानानं करत होतं. त्या दिवशी ते गेल्यावर मी दोन्ही खुर्च्या तशाच राहू दिल्या. इतक्या वर्षांनीही असं काही नजरेला पडलं की बरं वाटतं, हे कबूल करते.

पुढची बैठक माफीची होती. ते चार पानं लिहून आले. मी वाचली आणि विचारलं, "यात 'मी' किती वेळा आलंय?" त्यांनी मोजलं नाही, घडी घालून खिशात ठेवली. चार पानांची माफी बहुधा समोरच्याकडून सांत्वन मागते. ज्याचा खांदा गेला त्यानंच पुन्हा तुमची समजूत काढायची, हा कुठला न्याय? जे केलं ते एका वाक्यात सांगायचं आणि मग गप्प बसायचं. गप्प बसण्याचा आम्ही त्या दिवशी सराव केला. तो त्यांना धावण्यापेक्षा जड गेला.

फोन त्यांनी घरूनच केला. नंतर मला सांगितलं. पलीकडून आधी काहीच आलं नाही. मग, "माझ्या लक्षात आहे." पुन्हा शांतता. मग, "बरं झालं तू बोललास. तू येणार नाहीस, असंच मी धरून चाललो होतो." माफ केलं वगैरे काही नाही. शेवटी एवढंच, "या वेळी मी हात वर केला की मी बाहेर. तू विचारायचं नाहीस."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"बरं म्हणालो."

मी नंतर अशा प्रत्येक टीमला हे सुचवत आले आहे. निघण्याआधीच ठरवा की थांबायचं कुणी सांगायचं, आणि ज्यानं सांगितलं त्याला का विचारायचं नाही. कारण जुने सोबती एकत्र आले की सगळे पुन्हा सोळा वर्षांचे होतात. तेव्हाचा कॅप्टन पुन्हा हुकूम सोडतो, तेव्हाचा जाड्या पुन्हा चेष्टेचा धनी होतो, आणि बासष्ट वर्षांचा गृहस्थ आपलं दुखणं सांगायला सोळा वर्षांच्या मुलाइतकाच घाबरतो. डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही, हा तर खेळाचाच नियम. तिथे मित्रांच्या 'काही होत नाही रे'ला किंमत द्यायची नसते. सामन्यानंतरच्या मैफलीला रग्बीवाले तिसरा हाफ म्हणतात, आणि अनेकांना भीती त्याचीच असते: कोण किती पुढे गेलं, कुणाचं काय मोडलं, हे सगळं ग्लासाबरोबर निघणार. ज्याला पीत बसायचं नाही किंवा घरच्या गोष्टी काढायच्या नाहीत, त्यानं लवकर उठून जावं. उठणारा माणूस दुसऱ्या दिवशी कुणाच्या लक्षातही राहत नाही.

घरच्यांनाही एक सांगते. 'वय बघा जरा' हे वाक्य काही महिने बाजूला ठेवा. त्यानं माणूस एक तर हट्टाला पेटतो, नाही तर त्याला पळवाट मिळते. त्यापेक्षा विचारा, 'तिथे कोण कोण येणार आहे?' नावं घेताना आवाज कुठे अडतो ते ऐका.

आणि न जाणं हेही उत्तर असू शकतं. एका बाईंच्या यजमानांनी याच प्रश्नावर शांतपणे सांगितलं होतं, "शाळेत मला फक्त मार मिळाला. मला कुणालाच भेटायचं नाही." पुढचं मी काही विचारलं नाही. भेटलंच पाहिजे असं कुठे लिहिलंय?

दोन नंबर गेले. परत आल्यावर महिन्याभरानं भेटायला आले, न ठरवता. तीन नंबर पहिल्या सामन्यात दहाएक मिनिटं खेळला, मग त्यानं हात वर केला आणि बाहेर गेला. दोन नंबरनी विचारलं नाही. दुसऱ्या सामन्यात तो उतरलाच नाही, कडेला उभा राहून त्यांच्या चुका मोजत होता, आणि रात्री त्या एकूण एक ऐकवल्या.

हे सांगताना ते खुर्चीत जरा तिरके बसले होते. उजवा पाय लांब केलेला, गुडघ्यावर पट्टा. दुसऱ्या सामन्यात पडले होते आणि या वेळी तो खरोखरच टम्म सुजला होता. "डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे जिना नाही," त्यांनी मला सांगितलं, आणि हसू आवरेना म्हणून पट्टा नीट करायला खाली वाकले.