सीसाइड डेझी किनाऱ्यावरच्या वाळूत जोमाने वाढते, मग बागेतील सुपीक मातीत ती का सडते?

सीसाइड डेझी, अर्थात एरिजेरॉन ग्लॉकस, ही सूर्यफुलाच्या कुलातील बहुवर्षायू वनस्पती अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, ऑरेगन आणि कॅलिफोर्नियातील समुद्रकड्यांवर व वाळूच्या टेकड्यांवर नैसर्गिकपणे वाढते. वाळूत पाणी थांबत नाही आणि मुळांना हवा सतत मिळत राहते. याउलट चिकण, दमट मातीत कणांमधील पोकळ्या पाण्याने भरून जातात, मुळे गुदमरतात आणि बुरशीमुळे बुंधा कुजू लागतो. म्हणूनच माझ्या मते खतापेक्षा निचऱ्याकडे लक्ष देणे कितीतरी महत्त्वाचे आहे. भरपूर खताने पाने लुसलुशीत होतात, पण झाडाचा काटकपणा जातो.

तिची ठेवणच खाऱ्या वाऱ्याला तोंड देणारी आहे: साधारण एक फुटापर्यंतची बुटकी, जमिनीलगत पसरणारी वाढ आणि जाडसर, लवदार पाने. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो प्रत्यक्षात अनेक लहान फुलांचा गुच्छ असतो. कडेची फिकट जांभळी किरणपुष्पे आणि मधली पिवळी बिंबपुष्पे मिळून मधमाश्या व फुलपाखरांना आकर्षित करतात, आणि हे दृश्य खरोखर मोहक असते.

मूळ प्रदेशात समुद्री धुक्यामुळे हवा थंड राहते. त्यामुळे किनाऱ्यापासून दूर, कडक उन्हाच्या ठिकाणी तिला दुपारची सावली आणि अधूनमधून पाणी द्यावे. सुकलेली फुले खुडत राहिल्यास बहर लांबतो.