ज्युनिपर बेरीचं तेल लावल्यावर खाज: आधी बाटलीचं वय बघा

गुडघ्यांना खोबरेलातून ज्युनिपर बेरीचं, म्हणजे ज्युनिपर या सूचिपर्णी झुडपाच्या फळाचं सुगंधी तेल लावताय, वर्षभर काही झालं नाही आणि आता पुरळ उठलं, बाटली बाथरूमच्या फळीवर असते, असं तुम्ही लिहिलंय. हाच त्रास मीही भोगलाय, म्हणून सविस्तर लिहितो. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो.

माझा संशय प्रमाणावर नाही, तेलाच्या वयावर आहे. या तेलात अल्फा-पायनीन, मायर्सीन, सॅबिनीन, लिमोनीन अशा मोनोटर्पीनांचा, म्हणजे चटकन उडणाऱ्या वासाच्या द्रव्यांचा भरणा असतो. हवा लागली की पायनीन-लिमोनीनची हायड्रोपेरॉक्साइडं, म्हणजे ऑक्सिजनशी संयोग झालेली संयुगं बनतात आणि कातडीला तीच बाधतात. अर्धी रिकामी बाटली, दमट उष्ण जागा, रोज उघडझाप; तेल बिघडायला आणखी काय हवं? ताज्या तेलाचा वास पाइनसारखा, किंचित मिरमिरीत, जिन या मद्याची आठवण करून देणारा. बिघडलेलं तेल टर्पेंटाइनसारखं उग्र वासाचं होतं आणि बाटलीच्या तोंडाशी चिकट थर धरतं. झाकणाला रबरी फुग्याचा ड्रॉपर असेल तर तो चेपून बघा. टर्पीनांनी रबर फुगून मऊ पडतं आणि तेलात उतरतं. ड्रॉपरवाली बाटली मुळात घेऊच नये, तोंडाला थेंब पाडणारी प्लास्टिकची बूच असलेली घ्यावी.

सगळ्यात जास्त मनस्ताप विक्रेत्याच्या ग्राहकसेवेने दिला. "नैसर्गिक तेलाला एक्सपायरी नसते" म्हणून बोळवण केली. खूप मागे लागल्यावर जीसी-एमएस अहवाल (तेलात कोणते घटक किती आहेत हे दाखवणारा प्रयोगशाळेचा कागद) पाठवला, त्यावर बॅच नंबरच नाही! असा कागद कुठल्याही बाटलीला चिकटवता येतो. अहवालावरचा बॅच नंबर बाटलीवरच्या नंबराशी जुळला पाहिजे, ऊर्ध्वपातनाची तारीख हवी आणि नाव ज्युनिपरस कम्युनिस, तेही फळाचं तेल, असं स्पष्ट हवं. ज्युनिपरस सबायना ही दुसरी जात विषारी आहे, आणि केड तेल हे ज्युनिपरस ऑक्सिसीड्रस या तिसऱ्या जातीच्या लाकडाचं डांबरट तेल, ते वेगळंच. कागदावर थेंब टाकून डाग बघण्याची युक्ती फक्त जड तेलाची भेसळ पकडते. टर्पेंटाइन मिसळलं असेल तर तेही उडून जातं, कळत नाही.

आता तुमचं. लावणं आजच थांबवा. अंगावरचं तेल साध्या खोबरेलाने पुसून मग सौम्य साबणाने धुवा. पुरळ गेलं तरी नवीन बाटली आणून लगेच सुरू करू नका. एकदा ॲलर्जी जडली की ताजं तेलही बाधू शकतं, आणि टर्पेंटाइनही. आधी त्वचारोगतज्ज्ञाकडून पॅच टेस्ट (कातडीवर पट्टी लावून ॲलर्जी तपासणं) करून घ्या.

त्यांनी हिरवा कंदील दिला तर 50 मिली खोबरेलात 1 मिली, म्हणजे 2 टक्के. थेंब मोजू नका, ते बुचागणिक बदलतात, 1 मिलीची सिरिंज घ्या. 5-10 मिलीच्या गडद काचेच्या बाटल्या, फ्रिजमध्ये, उघडल्याची तारीख लिहून. वर्ष झालं की बाद. शेक घ्यायच्या पाण्यात थेट टाकू नका, तेल वर तरंगतं आणि कातडीला निखळ लागतं. मीठ किंवा दूध घालूनही ते विरघळत नाही.

पोटात घेणं तर नकोच. काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारं हौबेर, म्हणजे हपुषा, हे ज्युनिपरचंच वाळलेलं फळ. वैद्य त्याचा काढा देतात तो भाग वेगळा, त्याऐवजी तेल चालत नाही. गर्भारपण किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावूही नये.

जुनं तेल बेसिनमध्ये ओतू नका, ज्वलनशील आहे. भुशात जिरवून, पिशवी घट्ट बांधून, गॅसपासून लांब ठेवा आणि कचऱ्यात द्या.